जेठा कोंब

मी कृष्णात. गडहिंग्लजच्या अलीकडं, नदीच्या काठाला आमचं गाव. गावात उसातलं कुणाचं काय अडलं की माणूस माझ्या दारात येतो. ही बढाई न्हाय, कुणालाबी इचारा. कारखान्यानं एकरी टनेजसाठी दोनदा ढाल दिलीया, ती टीव्हीच्या वर ठेवलीया. बेणं कुठलं घेऊ, सरी किती फुटाची सोडू, भरणी कवा करू, इचारणाऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत माझं उत्तर तयार असतं. त्यामुळं पुढं जे घडलं ते अडाणीपणानं घडलं असं म्हणायची सोय मला न्हाय. जाणत्या माणसानं केलं आन् जाणतेपणानं केलं.

माझी सून राजनंदिनी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली. तिच्या माहेरी तुळशीची कुंडी ठेवायची तर आधी दारातल्या चपला हलवाव्या लागत्यात, एवढी दाटी. आन् ह्या पोरीला झाडांचं याड. माझा पोरगा ऋतुराज कोल्हापुरात कंपनीत कामाला हाय, शनवारी येतो आन् सोमवारी पहाटं जातो. लग्न झाल्यावर दोघं तिकडंच खोली बघतील असं आम्ही धरून चाललेलो. तर हीच म्हणाली, मी मळ्यात ऱ्हाणार. मला लई बरं वाटलं. तोंडावर काय बोललो न्हाय, पर वाटलं.

गेल्या साली तिनं सफरचंदाचं काढलं. मी हसलो. म्हणलं, अगं ते बर्फातलं झाड, आमच्या उन्हात त्याचा कोळसा हुईल. तिनं वाद घातला न्हाय. वर्षभर वही घेऊन बसायची आन् फोन लावायची. गरम मुलखात कुणी हे झाड लावलंय असं कळलं की त्याला गाठायची, किती जगली, किती मेली, मेली तर कशानं मेली ते इचारायची. जगलेल्यापेक्षा मेलेल्याचीच चौकशी जास्त. शेवटी उन्हात टिकणाऱ्या जातीची चाळीस कलमं तिनं डोंगरातनं मागवली. ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या काड्याच त्या, बघून माझा जीव थोडा झाला. विहिरीजवळचा धा गुंठ्यांचा तुकडा मी तिला दिला. दिला म्हंजे लीलानं, माझ्या बायकोनं, द्यायला लावला. जानेवारीत लावण झाली आन् उन्हाळ्यात चाळीसच्या चाळीस काड्यांना पानं फुटली.

मे महिन्यात सातव्याची ओटी भरली आन् राजनंदिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. गाडीत बसायच्या आधी झाडांतनं एक चक्कर मारून आली. मला म्हणाली, “मामा, झाडं तुमच्यावर सोडून जाते. काय करायचं, काय नाही, सगळं कागदावर लिहून कॅलेंडरच्या मागं टाचलंय.”

मी म्हणलं, तू बिनघोर जा. कागदाकडं मी ढुंकूनसुद्धा बघितलं न्हाय. चाळीस वर्सं माती तुडवली, आता मला कागद वाचून झाडाला पाणी पाजायचं व्हय?

आता उसातलं जे जाणत न्हाईत त्यांच्यासाठी सांगतो. ऊस उगवला की आधी एक जाडजूड कोंब वर येतो. त्याला आम्ही जेठा कोंब म्हणतो. जेठा म्हंजे थोरला. हा थोरला सगळं खाऊन बसतो आन् धाकट्यांना वर येऊ देत न्हाय. म्हणून दीड-दोन महिन्यांनी तो बुडातनं मोडायचा. मग बाजूनं फुटवे येत्यात, सगळे एका उंचीचे, आन् टनेज वाढतं. आमच्या भागात हे मीच पहिल्यांदा करून दाखवलं. लोक म्हणत होते, ह्येचं डोकं फिरलंय. त्याच वर्षी पहिली ढाल आली.

सून गेल्यावर पंधरा दिवसांनी मी त्या झाडांत गेलो. बघतो तर काय, बुडात जमिनीजवळ बारके बारके फुटवे आलेले, तरतरीत. आन् वर एकच दांडगा कोंब, त्याला जमिनीपासनं वीतभर अंतरावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली. मला वाटलं, येताना पार्सलात मोडली असतील, म्हणून पट्टी मारून जोडलीत. म्हणलं, हे जोडलेलं लंगडं कशाला ठेवायचं, बुडात एवढे चांगले फुटवे असताना? खिशातला चाकू काढला आन् पट्टीच्या खालनं जेठा कोंब छाटत सुटलो. एका ओळीला चार, अशा नऊ ओळी झाल्या. दहाव्या ओळीत पाय ठेवला तेवढ्यात लाईट आली. आमच्याकडं शेतीची लाईट आठ तास, ती बी कवा येईल त्याचा भरवसा न्हाय, मग माणूस हातातलं टाकून मोटरीकडं पळतो. मीबी पळालो. ती शेवटची चार झाडं डोक्यातनं गेली ती गेलीच.

पावसाळा लागला आन् फुटवे असे माजले की बघत ऱ्हावं. प्रत्येक बुडात चार-चार, पाच-पाच. मी येईल त्याला नेऊन दाखवत होतो. जुलैत पोरगी झाली. नात. संयोगिता नाव ठेवायचं आधीच ठरलेलं. मी गावात पेढे वाटले आन् प्रत्येकाला पेढ्याबरोबर सफरचंदाचंबी सांगितलं.

बारशाचा दिवस बघायला म्हणून लीलानं कॅलेंडर हातात घेतलं तर खिळ्यासकट खाली आलं. मागचा कागद जमिनीवर पडला. लीला चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागली. पहिली ओळ पाण्याची होती, दुसरी शेणखताची. तिसरी अशी, ‘पट्टीच्या वर आपलं सफरचंद आहे. पट्टीच्या खाली जंगली झाड आहे, ते फक्त मुळांसाठी. खालून फुटवा आला की त्याच दिवशी खुडा, नाहीतर जंगली वाढेल आणि कलम मरेल.’ ह्या ओळीच्या खाली दोनदा रेघ मारली होती.

लीलानं चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. चप्पल न घालता तसाच पावसात मळ्यात गेलो. शेवटच्या ओळीतली चार झाडं माझ्या खांद्याला लागत होती, पानं रुंद, मऊ, खालनं पांढरट. बाकीच्या छत्तीसांची पानं बारकी आन् काडीला हात लावला तर काटा टोचला. दोन महिने मी काट्याच्या झुडपांना शेणखत घालून पोसत होतो आन् गावाला दाखवत होतो. मी तिथंच चिखलात बसलो. पोरीनं वर्षभर वही भरली, मेलेल्या झाडांची चौकशी केली, आन् तिची छत्तीस झाडं तिच्या सासऱ्यानं एका दुपारी चाकूनं मारली. पुढं ही पोरगी माझ्या भरवशावर काय ठेवणार? लेकरू तरी ठेवंल का माझ्याजवळ?

लीला म्हणाली, आत्ता फोन कर आन् सांगून मोकळा हो. मी तिच्यावरच खेकसलो. ओल्या बाळंतिणीला असलं सांगत्यात व्हय? खरं सांगू? बाळंतिणीचं नुसतं निमित्त होतं. माझीच छाती होत नव्हती. राजनंदिनी फोनवर इचारायची, झाडं कशी हायत, आन् मी झकास म्हणायचो. फोटो मागितला तर त्या चार झाडांचाच, एकदा ह्या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, असा धाडायचो.

मग मी माहिती काढायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी काय इचारत होतो, आन् बघतो तर सगळ्यांना सगळं म्हाईत. ऋतुराजच्या मोबाईलवर एक गॉगलवाला बाबा दुसऱ्याच्या बागेत उभा ऱ्हाऊन सांगत होता, ताक आन् गूळ मारा, कुठलंबी झाड सुधारतं. मारलं. मुंग्या झाल्या. माझा वर्गमित्र विजयसिंह फौजेतनं सुभेदार होऊन आलाय, तीन वर्सं हिमाचलात होता. तो म्हणाला, त्यात काय, झाडाला थंडी कमी पडलीया, बुडात बर्फ टाक. चार दिवस मी फ्रीजातनं बर्फाचे ट्रे काढून मळ्यात नेत होतो. पाचव्या दिवशी लीलानं फ्रीजला कुलूप लावलं. बाजारातल्या औषधवाल्यानं तर झाड न बघताच बाटली हातात ठेवली, म्हणाला, जंगलीपणा जातो ह्येनं. मी नशिबानं दोनच झाडांना घातली. तिसऱ्या दिवशी दोन्ही मुळासकट काळी पडली. आता चौतीस उरली.

तेवढ्यात बारसं आलं. शिवाजी पेठेत पाहुण्यांनी दोन खोल्या भरलेल्या. नातीला माझ्या मांडीवर दिलं, एवढंसं तोंड, मूठ आवळलेली. राजनंदिनी जवळ येऊन हळूच म्हणाली, मामा, हिला चालता आलं की आधी झाडांत न्यायचं. मला तिथं बसवंना. जोतिबाला जाऊन येतो, नवस बोललो होतो, अशी थाप मारून उठलो आन् खरंच जोतिबाची गाडी धरली. डोंगरावर गेलो, गुलाल लावला, देवापुढं उभा ऱ्हायलो, पर काय मागायचं तेच कळंना. छत्तीस झाडं परत दे म्हणायचं व्हय?

उतरताना गाडी एका वळणावर पंक्चर झाली. तिथंच रस्त्याला लागून नर्सरी होती. साठीची एक बाई पोत्यावर बसून गुलाबाची कलमं बांधत होती. सगळी पोरं तिला आक्का म्हणत होती. माझ्या कपाळावरचा गुलाल बघून तिनं पाणी दिलं. मी पाणी प्यालो आन् सगळं सांगून टाकलं, चाकूपासनं बर्फापर्यंत. कुणाला एवढं सलग सांगितलं नव्हतं. ती हसली न्हाय.

म्हणाली, “पावणं, मला सफरचंदातलं काय म्हाईत न्हाय.”

माझं टाळकंच सरकलं. एवढं ऐकून घेतलं आन् वर म्हाईत न्हाय म्हणती? जन्मभर कलमं बांधून उपयोग काय मग? मी असं बोललोसुद्धा. तिनं चाकू खाली ठेवला न्हाय. काम करता करताच तीन गोष्टी इचारल्या. राहिलेली चार झाडं जित्ती हायत का? जंगली फुटवा पेन्सिलीएवढा जाड झालाय का? आन् त्याची साल सुटती का? मी म्हणलं, साल सुटती का ते मी कशाला बघू? तर म्हणाली, मग आधी बघा, एक फांदी त्या चारातली आन् एक जंगली ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. मी रागातच गाडीत जाऊन बसलो.

टायर बदलायला अर्धा तास लागला. बसल्या बसल्या डोक्यात एकच फिरत होतं. गॉगलवाल्यानं, सुभेदारानं, औषधवाल्यानं, कुणीच मला उलटं काय इचारलं नव्हतं. झाड बघायला मागितलं नव्हतं. सगळ्यांचं उत्तर माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तयार होतं. आन् मग मला आमच्या दारात येणारी माणसं आठवली. त्यातल्या किती जणांच्या रानात जाऊन मी बघितलं होतं? एकाच्याबी न्हाय. मला लई लाज वाटली. गाडी सुरू झाली तसा मी खाली उतरलो आन् आक्काला जाऊन म्हणलं, मंगळवारी आणतो फांद्या.

मंगळवारी पहाटंची एसटी धरली. मांडीवर ओल्या फडक्यातल्या फांद्या, शेजारचा इचारतोय काय हाय म्हणून. आक्कानं जंगली काडीवर चाकूनं एक उभी चीर मारली, एक आडवी, आन् नखानं साल उचलली. साल अलगद सुटली, आत पांढरं, ओलं. तिचं तोंड जरा उजळलं. म्हणाली, मुळं जोरात हायत, तुम्ही पोसलंयच तसं. मग समजावून सांगितलं. पानाच्या देठाजवळ जो बारका डोळा असतो, तो सालीसकट काढायचा आन् दुसऱ्या झाडाच्या सालीखाली बसवायचा. ह्याला डोळा भरणं म्हणत्यात. तो डोळा जगला की त्यातनं चांगलं झाड येतं, मग वरचं जंगली छाटायचं. म्हंजे माझी छत्तीस मेली ती मेली, पर त्यांची मुळं जित्ती होती, आन् राहिलेल्या चार झाडांवर डोळे होते.

“गुलाबात लागतंय,” ती म्हणाली. “ह्यात लागंल का ते मला म्हाईत न्हाय. दोन करून बघू.”

मी म्हणलं, दोन कशाला, चौतीस करू, दिवाळीनंतर सून येती. ती ऐकंना. मी हात जोडले, आवाज चढवला, जादा रोज देतो म्हणलं. ती म्हणाली, चुकलं तर दोनच जातील, आन् चार झाडांवरचे डोळे एकदाच काढता येत्यात.

ऑगस्टच्या मध्याला पावसानं चार दिवस उघडीप दिली तवा ती आली. एसटीतनं उतरली तर हातात पिशवी, पिशवीत चाकू, पट्टी आन् भाकरी. चिखलात पोतं टाकून बसली. डोळा काढताना पान छाटायची पर देठाचा तुकडा तसाच ठेवायची. दोन झाडांना डोळे भरले, पट्टी बांधली, देठ तेवढे बाहेर डोकावत होते. जाताना मला बजावलं, एकवीस दिवस हात लावायचा न्हाय. तुमच्या हाताला खाज हाय, म्हणून सांगते.

ते एकवीस दिवस मी कसे काढले माझं मला ठाऊक. सकाळी उठलं की पहिल्यांदा तिकडं. दोन्ही हात पाठीमागं धरून बघायचो, लीला हसायची. कारखान्यात उसाच्या नोंदी चाललेल्या, माझं लक्ष न्हाय. पंधराव्या दिवशी देठ पिवळे पडायला लागले. सुभेदार येऊन बघून गेला आन् म्हणाला, गेलं हे. त्याच दिवशी राजनंदिनीचा फोन, झाडं कशी हायत? मी झकास म्हणलं आन् फोन ठेवून गोठ्यात जाऊन बसलो.

एकविसाव्या दिवशी आक्का आली. झाडाजवळ वाकली आन् पिवळ्या देठाला बोट नुसतं टेकवल्यागत केलं. देठ टपकन खाली पडला. दुसऱ्याला टेकवलं, त्योबी पडला. मी बांधावर बसलो आन् म्हणलं, संपलं.

आक्का म्हणाली, “अवो, पडला म्हंजे जगला. मेलेल्याचा देठ वाळून चिकटून बसतो. आत डोळा जित्ता हाय म्हणूनच झाडानं देठ टाकून दिला. या, बघा.”

पट्टीच्या फटीतनं बघितलं. डोळा हिरवा होता, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. मी रडलो. लपवत न्हाय, चांगला रडलो, बाप गेला तवाबी लोकांदेखत एवढा रडलो नव्हतो. लीलानं चहा आणलेला, ती कप धरून तशीच उभी. आक्का म्हणाली, आता चहा घ्या आन् उद्या सगळी करू, आता मला म्हाईत हाय.

दोन दिवस लागले. ती डोळे भरत होती आन् मी पट्ट्या बांधत होतो. त्याच पट्ट्या, ज्या बघून मी लंगडं म्हणलो होतो. बत्तीस झाडांना भरले, अठ्ठावीस लागले, चार गेले. चार कशानं गेले ते तिलाबी कळलं न्हाय आन् तिनं तसं सांगितलं. दिवाळीपर्यंत चौतीस झाडं खरी सफरचंदाची झाली. कुणाला बोटभर कोंब, कुणाला वीतभर. जंगली फुटवा कुठं दिसला की मी त्याच दिवशी खुडत होतो. कागद आता मी पाकिटात ठेवला होता.

दिवाळीनंतर राजनंदिनी बाळाला घेऊन आली. लीला भाकरतुकडा घेऊन दारात उभी, ऋतुराज पिशव्या काढतोय, सुभेदार आन् शेजारपाजार बाळ बघायला जमलेला. सकाळीच लीला मला म्हणाली होती, पोरीला पाय धुऊ दे, घोटभर पाणी पिऊ दे, मग सांग. पर मला धीर निघंना. भाकरतुकडा ओवाळून टाकला आन् तिनं उंबऱ्यावर पाय ठेवायच्या आधीच मी आडवा आलो.

“पोरी,” म्हणलं, “तुझी छत्तीस झाडं मी मोडली. कागद वाचला न्हाय. तीन महिने तुला खोटं बोललो.”

राजनंदिनी माझ्याकडं बघत ऱ्हायली. मग बाळाला तसंच खांद्यावर घेऊन मळ्याकडं चालायला लागली आन् आम्ही सगळी मागनं. तिथं मी तिला एक-एक झाड दाखवलं. कुठं जेठा कोंब समजून चाकू मारला, कुठं डोळा भरला, कुठली दोन बाटलीनं जळाली, कुठली चार लागली न्हाईत. काय लपवलं न्हाय, बर्फसुद्धा सांगितला. ती वाकून वाकून पट्ट्या बघत होती. एका झाडाची पट्टी बोटानं चाचपून इचारलं, ही कुणी बांधली? मी म्हणलं, मी. चांगली बांधलीय, म्हणाली. मग विहिरीला लागून असलेल्या शेवटच्या ओळीतल्या चार झाडांजवळ उभी ऱ्हायली आन् पहिल्यांदा हसली. म्हणाली, तरीच, तीन महिने प्रत्येक फोटोत ही विहीरच कशी काय असते म्हणत होते मी.

माझ्या अंगावरनं पोतं उतरल्यागत झालं. पर अजून खरी परीक्षा ऱ्हायलेली. ती म्हणाली, आता पुढच्या महिन्यात ह्यांची पानं हातानं काढायची म्हणतात, म्हंजे झाड झोपतं आन् मग बहर येतो. पण ही डोळा भरलेली तर अजून बारकी आहेत. ह्यांची पानं काढायची का नाही? सुभेदारानं लगेच सांगितलं, अजिबात काढायची न्हाईत, हिमाचलात कोण काढत न्हाय. मागनं कुणीतरी म्हणलं, काढायचीच असत्यात, डाळिंबाची काढत्यात की. मग सगळी माझ्याकडं बघायला लागली. सवयच ती. ढालवाला काय म्हणतोय, ते ऐकायचं.

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. खोटं कशाला बोलू, आलंच होतं. मी ते गिळलं.

“मला म्हाईत न्हाय,” म्हणलं. “दोन झाडांची काढून बघू. बाकीची तशीच ठेवू.”

सुभेदार तोंडाकडं बघत ऱ्हायला. शेजारीण लीलाला कुजबुजली, ह्यांना बरं न्हाय का? राजनंदिनी माझ्याजवळ आली, खांद्यावरनं संयोगिताला उचललं आन् माझ्या दोन्ही हातांत ठेवलं. नीट धरलंय का ते बघितलं आन् हात सोडला.

“मी आंघोळ करून येते, मामा,” म्हणाली. “तोवर ही तुमच्यावर सोडून जाते. हिचा जेठा कोंब तेवढा मोडू नका.”

सगळी हसली, मीबी हसलो. मग ती खरंच घराकडं निघून गेली, एकदाबी मागं वळून न बघता. मी बांधावर बसलो. नातीनं माझं बोट धरलं आन् झोपली. तिची आई परत येईपर्यंत मी जागचा हललो न्हाय, हाताला मुंग्या आल्या तरी.